कृपया लक्ष द्या, दुसरा एसी सुरू होत आहे

घरगाडीच्या मागच्या खोलीत दुसरा एसी बसवायचा, हे कृपयाकाकांनी ठरवलं ते उकाड्यामुळे नव्हे, लेकीमुळे. काकांना स्वतःला उकाड्याचं काही वाटत नसे. त्यांची सगळी नोकरी बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत गेलेली. तिथला पंखा फिरतोय की नुसती मान हलवतोय, हे जवळ जाऊन बघितल्याशिवाय कळत नसे. पण लेक मागच्या उन्हाळ्यात चांगली आठवडाभर राहायला म्हणून आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बॅग भरून दारात उभी राहिली.

"बाबा, रागावू नका हं. मागची खोली म्हणजे नुसती भट्टी आहे हो. ह्यांच्या डोळ्याला डोळा नाही रात्रभर."

"ह्यांच्या" म्हणजे जावयांच्या. जावई तोवर आपल्या मोटारीत बसून, मोटारीचा एसी लावून, तोंडावर हवा घेत होते. काकांनी खिडकीतून हात केला. त्यांनी काच खाली न करता आतूनच हात केला.

त्याच्या आदल्या खेपेला डास होते. काकांनी सगळ्या खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. त्याच्याही आधी गादी पाठीला टोचत होती. काकांनी नवी गादी आणली आणि आधी स्वतः तिच्यावर लोळून पाहिली. लेकीची एकेक सबब हेरायची आणि निकालात काढायची, हा त्यांचा गेल्या काही वर्षांचा उद्योग होता. आता उकाडा तेवढा उरला होता. तो गेला की लेकीला जायला कारणच उरत नाही, इतका सरळ विचार त्यांनी केला होता.

कृपयाकाका हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते गाडीतळावरच्या लोकांनी ठेवलं होतं. शहराबाहेरच्या त्या मोकळ्या मैदानात चाकांवरची घरं ओळीने उभी असत. कोणी दोन दिवसांसाठी यायचं, कोणी दोन महिन्यांसाठी, आणि काका आले होते एका रात्रीसाठी, ते तिथलेच झाले होते. बसस्टँडवर ते सूचना द्यायचे. "कृपया लक्ष द्या" हे शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारले होते, की ते जिभेवरून उतरायला तयार नव्हते. दुकानात गेले तरी "कृपया लक्ष द्या, अर्धा किलो साखर" असं तोंडून जाई.

घरगाडी घ्यायची कल्पना बायकोची. "जन्मभर माइकवरून गावांची नावं घेतलीत," ती म्हणाली होती, "आता त्यातलं एखादं गाव दाखवा तरी!" म्हणून निवृत्तीनंतर जुनी का होईना, घरगाडी घेतली. पुढे बसायची जागा, मध्ये स्वयंपाकाचा ओटा, मागे झोपायची खोली, टपावर एक एसी. पहिला मुक्काम या तळावर झाला आणि इथेच ती आजारी पडली. ती गेल्यावर गाडी पुढे न्यायचा काकांना धीर झाला नाही. कोणाला दाखवायचं गाव? चाकांखाली लावलेल्या दगडांवर आता गवत उगवलं होतं.

एक गोष्ट मात्र काकांनी कोणाला सांगितली नव्हती. स्टँडवर त्यांनी हजारो सूचना दिल्या, पण माइक ही मोठी एकतर्फी वस्तू. बोलता येतं, पलीकडून काही येत नाही. घरी मात्र उलट होतं. "आंघोळीला जातोय" अशी सूचना त्यांनी दिली, की ओट्याकडून ताबडतोब उत्तर यायचं, "जा एकदाचे!" त्या "जा एकदाचे"साठी ते कधीकधी आंघोळ झालेली असतानाही सूचना द्यायचे. आता ते आंघोळीला न सांगताच जात.

तर एसी. वायरमन आला तो शीळ घालत आला. टपावर चढला, मागच्या खोलीच्या छतातलं हवेचं झाकण उचकटलं, डोकं आत घालून वरूनच ओरडला, "काका, या भोकात एसी असा बसेल ना, डोळे मिटून बसवतो!"

"डोळे उघडे ठेवूनच बसव रे बाबा."

"माझ्या हातचा एसी आजवर परत आलेला नाही."

"आणि गिऱ्हाईक?"

"तेही नाही," वायरमन अभिमानाने म्हणाला.

एसी खरोखरच झकास बसला. वायरमनने पुढचा एसी लावला, तो गुरगुरायला लागला. मग समारंभपूर्वक मागच्या एसीचं बटण काकांच्या हातून दाबून घेतलं. नवा एसी एकदा दचकला, बाहेरच्या विजेच्या खांबावर खट्ट आवाज झाला आणि दिवे, पंखा, फ्रिज, दोन्ही एसी, सगळं एकदम गप्प झालं.

"काय झालं?"

"खटका पडला. दोन एसींना ही वीज पुरत नाही. एकाच वेळी दोन पैलवान एका बाकावर बसले तर बाक मोडणारच."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एसी बसवायला बोलावलं होतं. एसी बसला का?"

"बसला."

"मग!" असं म्हणून वायरमनने हत्यारं पिशवीत टाकली.

काका तळाच्या मॅनेजरकडे गेले. मॅनेजर टेबलावर मान टाकून डुलकी घेत होता. "एका गाडीला एक खांब," तो मान न उचलता म्हणाला. "नियम आहे." काकांनी त्याला परोपरीने सांगितलं, की लेक येणार आहे. मॅनेजर म्हणाला, की लेक आली तरी गाडी एकच राहते.

मग त्यांनी भाड्याने जनरेटर आणला. दुपारी त्याची दोरी ओढली आणि अख्खा तळ हादरला. कपबशा सरकत सरकत ओट्याच्या कडेला आल्या. झाडावरचे कावळे उडाले ते संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. आणि शेजारच्या पांढऱ्या गाडीचं दार उघडून मेट्रनबाई बाहेर आल्या.

मेट्रनबाई म्हणजे मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या बाई. त्यांची गाडी काकांच्या गाडीला लागूनच. मध्ये एक मोटार उभी राहील एवढीच जागा. पण इतक्या दिवसांत मान हलवण्यापलीकडे दोघांची ओळख गेली नव्हती. बाईंचा दराराच तसा होता. त्यांच्या गाडीखाली कुत्रंही परवानगी काढून बसल्यासारखं बसायचं.

बाई काकांसमोर उभ्या राहिल्या आणि काहीतरी बोलल्या.

"काय?" काका ओरडले.

बाई पुन्हा बोलल्या.

"ऐकू येत नाही! जरा थांबा हं, हे बंद करतो!" काकांनी जनरेटर बंद केला. "हं, आता बोला."

"हेच सांगत होते. बंद करा म्हणून." बाईंनी जनरेटरकडे पाहिलं. "वॉर्डात असला आवाज कोणी केला असता ना, तर डॉक्टर असला तरी मी हाताला धरून बाहेर काढला असता. कशासाठी चाललंय हे?"

काकांनी सांगितलं. डास, गादी, उकाडा, सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बाईंच्या कपाळावरची आठी कमी झाली नाही, पण त्या जागच्या हलल्याही नाहीत.

"लेक कधी येणार?"

"पुढच्या महिन्यात. म्हणजे, म्हणालीय तसं."

"माझ्या खांबावर दुसरं सॉकेट रिकामं आहे," बाई म्हणाल्या. "मुलगा त्याची गाडी घेऊन येणार होता. त्याच्यासाठी बसवून घेतलं होतं."

"मग?"

"मग काय? सॉकेट चांगलं आहे," एवढं बोलून बाई आत गेल्या.

वायरमन पुन्हा शीळ घालत आला. त्याने मागच्या एसीची वायर काकांच्या गाडीतून बाहेर काढली, मधल्या जागेतून नेली, बाईंच्या गाडीला टेकून ठेवलेला गॅसचा लाल सिलिंडर ओलांडताना दोनदा अडखळला आणि वायर बाईंच्या खांबाला जोडली. पुढचा एसी काकांच्या खांबावर, मागचा बाईंच्या. दोन्ही एकदम लावले. दोन्ही चालले! काका मागच्या खोलीत जाऊन उभे राहिले. अंगावर काटा आला इतका गारवा होता. लेकीला आत्ताच फोन करावा असं त्यांना वाटलं, तेवढ्यात खट्ट झालं.

बाहेर मेट्रनबाई हातात इस्त्री घेऊन उभ्या होत्या. "मी नुसती ही लावली."

आता कुठे खरी मेख समोर आली. बाईंच्या खांबाला बाईंचं घर आणि काकांचा एसी एवढं झेपत होतं, पण त्यात इस्त्रीची भर पडली की सपशेल लोटांगण. वायरमन डोकं खाजवायला लागला तेव्हा बाईंनीच तोड काढली.

"सोपं आहे. सुई टोचण्याआधी पेशंटला सांगायचं असतं. तसं बटण दाबण्याआधी शेजाऱ्याला सांगायचं. मी इस्त्री लावणार असले तर हाक मारीन, तुम्ही एसी बंद करायचा. तुम्ही एसी लावणार असलात तर मला विचारायचं. न विचारता लावलात तर वायर उपटून टाकीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी काका मागच्या खोलीच्या बटणापाशी उभे राहिले. आता विचारायचं म्हणजे कसं? ओळखीची ना पाळखीची बाई. "अहो, ऐकलंत का?" म्हणावं तर भलतंच. काकांनी घसा साफ केला, खिडकी उघडली आणि जे आयुष्यभर येत होतं तेच बाहेर पडलं. आवाज कमावलेला होता. मैदानभर खणखणला.

"कृपया लक्ष द्या! मागच्या खोलीतला एसी थोड्याच वेळात सुरू होत आहे!"

आणि पलीकडून लगेच आवाज आला, "करा सुरू!"

काका बटणाला हात लावायचं विसरून तसेच उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी किती गाड्या सोडल्या, किती उशिरा आणल्या, किती लोकांच्या हरवलेल्या पिशव्या शोधून दिल्या. कोणी एकदा तरी खालून "बरं" म्हणालं होतं का? त्यांना अगदी भरून आलं. मग पलीकडून पुन्हा आवाज आला, "अहो, केला की नाही सुरू? मी ताटकळलेय इथे!" तेव्हा त्यांनी घाईघाईने बटण दाबलं.

लेक यायला अवकाश होता. मागच्या खोलीत कोणी झोपत नव्हतं. तरी काका रोज एसी लावू लागले. "चाचणी घ्यायला हवी," ते स्वतःला बजावत. "ऐन वेळी दगा दिला तर?" मग एक चाचणी सकाळी, एक दुपारी, एक उन्हं कलताना. रिकामी खोली गारठून जायची आणि नव्या गादीवर काकांचा दुमडलेला सदरा तेवढा त्या गारव्याचा उपभोग घेत पडलेला असायचा. वीज फुकट जाते हे त्यांना कळत होतं, पण ते नको तिकडे लक्ष देत नसत.

पलीकडूनही सूचना वाढल्या. "ओ कृपयाकाका! इस्त्री लावतेय, बंद करा!" "ओ कृपयाकाका! चहा ठेवतेय, बंद करा!" बाईंना चहा फार लागायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत किती वेळा चहा ठेवत, त्यांचं त्यांना ठाऊक. काका तत्परतेने एसी बंद करत, "बंद केला!" असं कळवत, आणि थोड्या वेळाने "झाला का चहा?" असं विचारत. "झाला! लावा आता!"

हळूहळू विजेशी काडीचा संबंध नसलेल्या सूचनाही होऊ लागल्या.

"कृपया लक्ष द्या! चष्मा सापडत नाहीये!"

"डोक्यावर बघा!"

"...सापडला!"

एकदा तळावर नव्यानेच उतरलेले एक गृहस्थ काकांची सूचना ऐकून बायकोला म्हणाले, "अगं आवर लवकर, काहीतरी सुटतंय!" आणि ती दोघं सामान घेऊन फाटकापर्यंत धावली. मॅनेजर तक्रार घेऊन आला. पण काकांनी बोलायच्या आत मेट्रनबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "एका गाडीला एक खांब हा नियम तुमचाच ना? मग एका खांबाला एक आवाज चालेल." मॅनेजरला यातलं काही कळलं नाही. तो परत जाऊन झोपला.

आणि लेक आली. खरंच आली. जावई उतरले, कपाळाचा घाम पुसत मागच्या खोलीत गेले आणि आतून "वा!" असा आवाज आला. त्या एका "वा"साठी काकांनी काय काय केलं होतं! लेकीने गार गादीवर अंग टाकलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात हो."

संध्याकाळी जावयांनी आंघोळ करून केस वाळवायचं यंत्र हातात घेतलं. काका विजेच्या वेगाने खिडकीशी गेले.

"कृपया लक्ष द्या! जावई केस वाळवत आहेत!"

"वाळवू दे! इस्त्री लावत नाही मी!"

जावयांचे ओले केस उभे राहिले. "बाबा, हे काय?"

"काही नाही, लोड जास्त होतो ना. कळवावं लागतं."

"अहो पण, माझे केस सगळ्या मैदानाला कळवायचे? आपण काय स्टँडवर राहतो का?"

लेक तोंडावर उशी धरून हसत होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीच्या यंत्राचीही सूचना निघाली, तेव्हा जावयांनी फोन उचलला. जावई माणूस वाईट नव्हते. सासऱ्यांनी आपल्यासाठी एवढा खटाटोप केला, तर आपणही काहीतरी करावं, असं त्यांना मनापासून वाटलं. वायरमन शीळ घालत आला, बरोबर एक छोटी डबी घेऊन.

"ही डबी एसीला जोडली की तो दचकून उठत नाही, आळोखेपिळोखे देत हळू उठतो. आणि तुमच्या खांबावर मी तार जाड करतो, खटका मोठा टाकतो. मॅनेजरशी बोललेत साहेब. दोन्ही एसी एकाच खांबावर. वर काहीही लावा."

"हे आधी का नाही सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"तुम्ही विचारलंत का?"

वायरमन बाईंच्या खांबावरची वायर काढून गुंडाळू लागला. मेट्रनबाई खिडकीतून बघत होत्या.

"झालं वाटतं काम?"

"झालं," काका म्हणाले. "जावयांनी करून दिलं."

"बरं झालं. कटकट गेली."

"हो. तुमचीही सुटका झाली."

"हो ना," बाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

मग सगळं कसं शांत झालं. दोन्ही एसी रात्रंदिवस चालत. "बाबा, दार लावा ना, गारवा जातो," लेक आतून म्हणायची आणि काका मागच्या खोलीचं दार लावायचे. दोघंही कामाने शिणून आलेली. दिवसच्या दिवस झोपत, उठली की फोन बघत, जेवायला बाहेर येत आणि "काय उकडतंय बाहेर!" म्हणत परत आत जात. काका पुढच्या खुर्चीवर बसून त्या बंद दाराकडे बघत. लेक इतकी जवळ होती की मध्ये फक्त एक फळी होती, आणि काकांना मेली आठवण येत होती तिचीच.

एका दुपारी त्यांनी चहा केला आणि सवयीने म्हणाले, "कृपया लक्ष द्या! चहा तयार आहे!"

दारापलीकडे एसी घोंगावत होता. कोणी काही बोललं नाही. काकांनी दोन कप झाकून ठेवले, स्वतःचा प्यायला. बऱ्याच वेळाने त्यांच्या फोनवर लेकीचा निरोप आला. मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत आला. "बाबा, चहा करणार असाल तर सांगा हं."

ठरलेले सगळे दिवस राहून लेक निघाली. या खेपेला एकही सबब सांगितली नाही. निघताना तिने काकांचा हात हातात धरला. "बाबा, कित्येक महिन्यांत इतकी झोपले नव्हते हो मी. माहेरी आल्यासारखं वाटलं." तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं खरोखर गेली होती. ते बघून काकांना इतका आनंद झाला, की बाकी सगळं त्यांनी पोटात घातलं. लेकीला झोप मिळाली, बापाला आणखी काय पाहिजे? आणखी काय पाहिजे, ते मोटार फाटकाबाहेर गेल्यावर त्यांना कळलं.

गाडीत परत येऊन त्यांनी पुढचा एसी लावला. मागचा लावला. डबीने तो आळोखेपिळोखे देत उठवला. खटका पडला नाही. काकांनी इस्त्री लावली. नाही पडला. ओव्हन लावला, पाणी तापवायचा रॉड लावला, जावई विसरून गेलेलं केस वाळवायचं यंत्र लावून ओट्यावर आडवं ठेवलं. सगळं एकदम सुखाने घोंगावत राहिलं. त्या वायरमनने जन्मात एकच काम नीट केलं होतं आणि ते नेमकं इथे करून ठेवलं होतं. खिडकीशी जाऊन हाक मारावी, तर काय म्हणून? कृपया लक्ष द्या, सर्व काही सुरळीत चालू आहे? अशी सूचना स्टँडवरसुद्धा कधी दिली नव्हती. काकांनी एकेक करून सगळी बटणं बंद केली.

शेजारूनही आवाज नव्हता. बाईंनी इतक्या दिवसांत एकदाही चहा ठेवल्याचं ऐकू आलं नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी काकांनी कपाटातलं गुंडाळलेल्या वायरचं भेंडोळं काढलं, मधली जागा ओलांडली आणि बाईंच्या खांबापाशी चोरासारखे खाली बसले.

"काय चाललंय?" वरून आवाज आला.

"अं? ते... ती डबी बिघडली."

"इतक्यात?"

"हल्लीच्या वस्तू हो. टिकतात कुठे?"

"बिघडायचीच," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात डबीबद्दल अजिबात दुःख नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पण लेक तर गेली ना सकाळी? मागच्या खोलीत एसी कशाला आता?"

काका वायरचा पीळ सोडवू लागले. "चाचणी," ते म्हणाले.

"हं. चाचणी हवीच," बाई म्हणाल्या. "सॉकेटवर धूळ बसली असेल. फडकं देते, वर या."

काका पहिल्यांदाच त्या गाडीच्या पायऱ्या चढले. दारातून आतलं सगळं दिसत होतं. इस्पितळातल्यासारखी ताणून घातलेली चादर, खुंटीला घड्याळ, आणि ओट्यावर शेगडी. शेगडीवर गॅसची निळी ज्योत, ज्योतीवर बुडाशी काळी झालेली किटली, आणि किटलीच्या तोंडातून वाफ. काकांनी किटलीच्या मागे बघितलं, बाजूला बघितलं. तिला वायर नव्हती. वायर जोडायला जागाच नव्हती. गाडीला टेकलेला लाल सिलिंडर इतके दिवस रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

बाई फडकं घेऊन वळल्या आणि काकांची नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं. त्या जरा बाजूला सरकून किटलीच्या पुढे उभ्या राहिल्या.

"हे घ्या फडकं."

"आभारी आहे," काका म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

त्यांनी सॉकेट पुसलं, वायर जोडली, घरी आले. वायरचं दुसरं टोक एसीला जोडायचं होतं, ते त्यांनी तसंच जमिनीवर राहू दिलं. खिडकी उघडली, घसा साफ केला.

"कृपया लक्ष द्या! मागच्या खोलीतला एसी सुरू होत आहे!"

"करा सुरू!"

काका खुर्ची ओढून खिडकीशी बसले. मागच्या खोलीत सामसूम होती. थोड्याच वेळात पलीकडून हाक आली.

"ओ कृपयाकाका! चहा ठेवतेय, एसी बंद करा!"

"बंद केला!" काका जागचे न उठता ओरडले. मग त्यांनी जरा धीर केला. "तुमची किटली फार वीज खाते हो!"

पलीकडे किटलीचं झाकण खणकन वाजलं.

"खाते!" उत्तर आलं. "जुनी आहे!"

"झाला की सांगा!"

"सांगते! वेळ लागेल पण!"

"लागू द्या!" काका म्हणाले आणि खिडकीची जाळीही बाजूला सरकवून बसले.